अर्जाचे कारण : आत्मसंरक्षण

...आणि वर मलाच विचारतात, "तुला पिस्तूल कशाला हवं?" कशाला हवं म्हणजे? खोबरं खवायला! अहो, चोर आले होते माझ्या दुकानात, चोर! दिवसाढवळ्या, दुपारी चार वाजता, चहाच्या वेळेला! तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही. मुळीच नाही. आईवडिलांनी धैर्यशील नाव ठेवलंय ते काय उगाच? आता ठेवलं तेव्हा मी बारा दिवसांचा होतो, त्यांना तरी काय कल्पना असणार... पण ते जाऊ द्या. मी घाबरट नाही, मी सावध आहे. बायकोला हा फरक कळत नाही, पण तुम्ही समजूतदार दिसता.

तर आमची डेअरी आहे, न्यू लिनला. डेअरी म्हणजे गोठा नव्हे हो! न्यूझीलंडात कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दूध, पाव, पेपर, सिगरेटी, गोळ्या. सत्त्याण्णव साली ऑकलंडला कंप्युटर शिकायला आलो, शिकलो, नोकरी लागली, नोकरी सुटली, आणि आता तीन वर्षं दूध विकतोय. जुई, म्हणजे आमची ही, काउंटरवर असते आणि मी मागे चिलरमध्ये. चिलर म्हणजे भिंतभर लांब फ्रीज, गिऱ्हाइकाच्या बाजूनं काचेची दारं, आणि आपण मागून आत शिरायचं, बाटल्या पुढे सरकवायच्या. त्या दिवशी मी आत, स्वेटर घालून, दोन लिटरच्या बाटल्या लावतोय, आणि बाहेरून आवाज आला, "ओपन द टिल!" गल्ला उघड म्हणे!

दोघं होते. टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या, आणि एकाच्या हातात ही एवढी पहार! जुई म्हणते हातभरच होती. तिनं जवळून पाहिली, मी लांबून पाहिली, तरी मला मोठी दिसली, याला काय म्हणणार?

आता तुम्ही विचाराल, तू काय केलंस? मी विचार केला. खाली बसून केला. बाटल्यांच्या मागे. म्हटलं, आपण एकदम धावून गेलो तर ते बिथरतील, बिथरले तर जुईलाच मारतील... हे सगळं मी तिच्याच भल्यासाठी योजत होतो, आणि योजता योजता माझे दात असे वाजत होते की मला वाटलं, मोटर बिघडली चिलरची! दीड मिनिटात गेले ते, सिगरेटी घेऊन, गल्ला घेऊन. आणि मी बाहेर आलो... जरा वेळानं. म्हटलं, "अगं, आत पंख्याचा काय आवाज असतो! मला काही ऐकूच नाही आलं!" जुई म्हणाली, "हं." एवढंच. ती काउंटरवरची च्युइंगमची पाकिटं नीट लावत होती. एकदा लावली, पुन्हा लावली, आणि तिसऱ्यांदा परत उपसून लावली. मी पाहिलं आणि मला माझीच शिसारी आली. पण मी घाबरट नाही हं. सावध आहे.

पोलीस आले. उंचापुरा कॉन्स्टेबल, दारात मावेना. मी आधी त्याच्या कमरेकडे पाहिलं. बॅटरी होती, बेड्या होत्या, वॉकीटॉकी होता, पेपर स्प्रे होता... पिस्तूल कुठाय? म्हटलं, "तुमचं पिस्तूल?" तर तो हसला, "ते आम्ही घेऊन नाही फिरत, मेट. तुम्हाला दोघांना लागलं नाही ना? मग स्वीट ॲज!" स्वीट ॲज? म्हणजे यांच्या भाषेत झकास! अहो, ज्या देशात पोलिसाच्याच कमरेला पिस्तूल नाही, त्या देशात दूधवाल्यानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तिथंच ठरवलं. आपलं आपण घ्यायचं. छोटंसं. रोज जवळ बाळगता येईल, कुणाला दिसणार नाही असं.

आणि सल्ला द्यायला माणसं कमी का आहेत आमच्याकडे! एक माझे सासरे, नानासाहेब. सांगलीच्या कलेक्टर कचेरीत छत्तीस वर्षं शस्त्र परवान्याच्या टेबलावर होते. निवृत्त होऊन आता सहा महिने लेकीकडे राहायला आलेत. आल्यापासून कंटाळले होते हो, इथं कुणी अर्जच घेऊन येत नाही त्यांच्याकडे! मी पिस्तूल म्हणालो मात्र, माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. "जावईबापू, रिव्हॉल्वर घ्या! पिस्तूल ऐन वेळी अडकतं. रिव्हॉल्वरसारखं इमानी जनावर नाही."

"नाना, तुम्ही चालवलंय?"

"चालवायचंय काय त्यात? मी रजिस्टर ठेवत होतो."

दुसरा सल्लागार माझा मेव्हणा, मकरंद, टेक्सासला असतो. रोज ई-मेल! "भावोजी, रिव्हॉल्वर जुनं झालं, पिस्तूलच घ्या, पण हातात बसलं पाहिजे. भावोजी, जास्त हलकं नको, झटका बसतो. भावोजी, जास्त जड नको, पँट उतरते. आणि मुख्य म्हणजे भावोजी, घेण्याआधी तेवढं वजन आठवडाभर अंगावर बाळगून बघा." आता तेवढं वजन कुठून आणू? घरभर शोधलं, शेवटी स्वयंपाकघरात सापडलं. खलबत्त्यातला बत्ता! लोखंडी, आटोपशीर, हातात बसणारा!

तुम्हाला सांगतो, आठवडाभर मी तो बत्ता लपवून हिंडलो. कमरेला उजवीकडे खोचला, तर वाकलं की बरगडीत. पाठीमागे खोचला, तर बसलं की माकडहाडात. मकरंद म्हणाला, घोट्याला बांधा. घोट्याला? या देशात बँकेचा मॅनेजरसुद्धा शनिवारी हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता, घालून हिंडतो, तिथं घोट्याला बांधलेला बत्ता लपवायचा कशात? केसांत? शेवटी स्वेटरखाली, पोटावर, नाडीत. नानासाहेब एका बाजूला, "छान! काही दिसत नाही!" आणि जुई दुसऱ्या बाजूला, "अहो नाना, बत्ता कुठं पाहिलात का? वेलदोडे कुटायचेत." मी तसाच उभा. पोट आत ओढून. घाबरून नव्हे हं... सावधपणानं.

आणि गुरुवारी काय झालं! पाऊस, काउंटरवर मी एकटा. दार उघडलं, आणि आत टोपी! डोक्यावरून पार ओढलेली! माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की काउंटरवरची बरणी हलली. हात गेला स्वेटरखाली, मकरंदनं शिकवल्यासारखा सर्रकन ओढला बत्ता, तो नाडीत अडकला, मी हिसडा मारला, नाडी तुटली, बत्ता सुटला आणि सरळ माझ्या अंगठ्यावर! जँडल्स होत्या हो पायात! मी किंचाळलो. टोपी मागे झाली, तर आमची रोज पेपर न्यायला येणारी माओरी आजी, रेनकोट घालून! "किया ओरा," म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणायला तोंड उघडलेलं, ते तसंच राहिलं. बिचारीनं मला बसवलं, आइस्क्रीमच्या फ्रीजमधून आइस ब्लॉक, म्हणजे आपली बर्फाची कांडी, काढून अंगठ्यावर धरली. म्हणते, "कुणाला घाबरलास रे, बाळा?"

मी म्हटलं, "कुणाला नाही." चव्वेचाळीस वर्षांचा बाळा, एका हातात पँट धरून बसलेला.

पण माघार नाही! अर्ज आणला. नानासाहेबांनी आंघोळ करून माझ्याकडून भरवून घेतला. "जावईबापू, सगळी गंमत कारणाच्या रकान्यात असते. लोक उगाच शेतीचं रक्षण, रानडुकरं, असलं लिहितात आणि अडकतात. तुम्ही एकच लिहा, आत्मसंरक्षणार्थ. माझ्या टेबलावरून आत्मसंरक्षणाचा अर्ज कधी परत गेला नाही!" मी लिहिलं. पिस्तूल, लहान, अंगावर लपवून बाळगण्यासाठी, रोज, कारण आत्मसंरक्षण. सोबत मराठी मंडळाच्या अध्यक्षा सुनीतीताईंचा वर्तणुकीचा दाखला. सहा फोटो. पदवीची प्रत. अकरा कागद, आणि प्रत्येकावर नानासाहेबांची सही, सत्यप्रत! त्यांना इथं कोण विचारतो? पण सही करताना त्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही.

दहा दिवसांनी परवान्याची चौकशी करणारी बाई घरी आली. साठीची, शांत, हातात फाइल. सोफ्यावर बसली, चहा घेतला, माझ्या अंगठ्याच्या बँडेजकडे पाहिलं, आणि म्हणाली, "खरं म्हणजे मला यायची गरज नव्हती. हा अर्ज तिथंच बाद झाला. पण इतकी वर्षं मी हे काम करते, इतक्या स्वच्छ अक्षरात, इतके कागद लावून, नेमकं जे चालत नाही तेच कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, या माणसाला भेटून यावं."

"चालत नाही?" नानासाहेब उभे राहिले. "आत्मसंरक्षण चालत नाही?"

"तेवढंच तर चालत नाही," बाई म्हणाली. "शिकारीला रायफल मिळते. पिस्तूल हवं तर क्लबात जायचं, महिनोन्‌महिने यायचं, निशाण्यावर मारायचं, आणि घरी आणलं की कुलपात ठेवायचं. खिशात घालून दुकानात उभं राहायचं? कुणालाच नाही."

नानासाहेब मटकन खाली बसले. छत्तीस वर्षांची नोकरी एका चहात वाहून गेली हो!

मग बाई म्हणते कशी, "आलेच आहे तर मिसेसशी दोन शब्द बोलते. आमच्याकडे पद्धत आहे, घरच्या माणसाला वेगळं विचारायची." बायकोला! आमच्याकडे पोलीस पाटलाला विचारतात, तलाठ्याला विचारतात, बायकोला विचारलं तर देशात एक परवाना निघणार नाही! दोघी स्वयंपाकघरात गेल्या. आणि इथली घरं म्हणजे काय, भिंती नुसत्या पुठ्ठ्याच्या. मी ऐकत नव्हतो. ऐकू येत होतं.

बाई म्हणाली, "हा माणूस हत्यार घेऊन शेजारी उभा राहिला तर तुला सुरक्षित वाटेल?"

जुईनं नळ बंद केला. मग म्हणाली, "त्या दिवशी तो चिलरमध्ये होता. त्याला वाटतं मला माहीत नाही. पण चिलरला काचेची दारं आहेत. दोन बाटल्यांच्या मधून त्याचे डोळे दिसत होते मला."

मी भिंत धरली हो. अंगठा दुखायचा थांबला, इतकं दुसरीकडेच दुखलं.

"मी त्या डोळ्यांकडेच बघत होते," जुई म्हणाली. "मनात म्हणत होते, येऊ नकोस, येऊ नकोस बाहेर, त्याच्या हातात लोखंड आहे. मी सगळं काढून दिलं ते त्यासाठीच, की ते चोर लवकर जावेत आणि ह्याला कुणी पाहू नये. त्याचा राग नाही मला. पण ते गेल्यावर? ते गेल्यावर तर यायचं होतं ना! तीन मिनिटं मी एकटी उभी होते. धरायला काउंटर होतं फक्त. आणि मग हा आला आणि पंख्याचं सांगायला लागला."

तुम्हाला सांगतो... नाही, काय सांगू? मी घाबरट आहे. आहे! चोराला घाबरलो ते एक वेळ ठीक आहे, पहार असते त्याच्या हातात. पण चोर गेल्यावर ती तीन मिनिटं मी बायकोला घाबरून बसलो होतो. तिच्या तोंडाकडे बघायला लागेल म्हणून. त्याच्यावर कुठलं पिस्तूल मिळतं? रिव्हॉल्वर? इमानी जनावर?

गेलो आत. बाईसमोरच म्हटलं, "जुई, ऐकू आलं होतं मला. सगळं." ती म्हणाली, "माहितीये." मी म्हटलं, "पुन्हा आले तर मी पुन्हा घाबरेन." ती म्हणाली, "घाबर की! मी नाही का घाबरले? पण घाबरायचंच आहे तर बाहेर येऊन घाबर, माझ्याशेजारी." आणि मग रडली. इतके दिवस साठवलेलं रडली. मीही रडलो. बाईंनी आपला कप विसळून ठेवला आणि निघाल्या. अर्जावर मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, मागे घेतला.

नानासाहेब दाराशी फाइल धरून बसलेले. म्हणतात, "म्हणजे हत्यार नामंजूर? मग आत्मसंरक्षणाचं काय, जुई?"

जुईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "हे आहे ना."

तर तुम्हाला सांगतो, एवढ्या शोधाशोधीनंतर झाली एकदाची निवड. वजन शहाऐंशी किलो. कुठंही लपवून ठेवायचं नाही, अशी सक्त ताकीद. ऐन वेळी चालेल याची खात्री कुणालाच नाही, मला तर नाहीच नाही. रोज सकाळी सात ते संध्याकाळी सात काउंटरशी उभं असतं, दार वाजलं की थरथरतं. फायदा एकच... परवाना लागत नाही.