नॉर्मनची वायर

एनिड : ...म्हणून सांगते, ब्रायनी, वायरींचा डबा उघडलास तरी आतलं काही हलवलंय असं दिसता कामा नये. माझ्या नवऱ्याची, नॉर्मनची, नजर फार तीक्ष्ण आहे.

ब्रायनी : एनिडबाई, मी वायरमन आहे, चोर नव्हे. आधी बिघाड काय तो सांगा.

एनिड : नळाचं गरम पाणी चालू केल्याशिवाय खोल्या गरम करणारे रेडिएटर तापत नाहीत. एकतीस वर्षं झाली.

ब्रायनी : म्हणजे थंडी वाजली की पाणी तापवायचं?

एनिड : आणि तापलेलं पाणी काय वाया घालवायचं? कुणीतरी आंघोळ करायची. आमच्या दोघी मुली हॅलिफॅक्समधल्या सगळ्यात स्वच्छ मुली होत्या. जानेवारीत पाहुणा आला की त्याच्याही हातात टॉवेल. पाद्रीबाबासुद्धा सुटले नाहीत.

ब्रायनी : आणि इतक्या वर्षांत कुणाला दाखवलं नाहीत?

एनिड : नॉर्मनने स्वतः बसवलंय गं. जन्मभर गालिच्याच्या गिरणीत यंत्रं सांभाळली त्याने. तुझं चुकलंय हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? पण आता खुब्याचं ऑपरेशन झालंय. आज घरी येतोय, आणि सहा आठवडे टबात उतरायचं नाही. घर तर गरम हवं. मी एकटी किती न्हाणार?

ब्रायनी : हे बघा. घराची ऊब सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटला वीज हीटिंगच्या टोकावरून यायला हवी. त्यांनी शेजारच्या, गरम पाण्याच्या टोकावरून घेतलीय. एक वायर इकडची तिकडे केली, झालं. आता हीटिंगचं बटण दाबा.

एनिड : पाणी बंद ठेवून? ...अगंबाई, तापतोय की. लाव झाकण लवकर, गाडी थांबली बघ दारात.

(नॉर्मन कुबड्यांवर आत येतो आणि दारातल्या रेडिएटरवर हात ठेवतो.)

नॉर्मन : कोण आंघोळ करतंय?

एनिड : मी. म्हणजे, आत्ताच झाली.

नॉर्मन : केस तर कोरडे ठणठणीत आहेत. आणि ही कोण?

ब्रायनी : मी सहज आले होते. चहाला.

नॉर्मन : स्क्रूड्रायव्हर घेऊन? तीन नंबरची वायर चारवर नेलीस ना?

एनिड : तुला माहीत होतं?

नॉर्मन : दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

एनिड : मग नीट का नाही केलीस, मेल्या? माझ्या कातडीचं पार चिपाड झालं.

नॉर्मन : तोवर तू अख्ख्या गल्लीला सांगून आली होतीस, माझ्या नवऱ्याने एकट्याने बसवलं म्हणून. लाज वाटली. तरी एकदा गुपचूप डबा उघडला होता.

एनिड : मग?

नॉर्मन : तू वर पोरींना न्हाऊ घालत होतीस. तिघी गात होतात, बेसूर. जिन्यात उभ्याउभ्या ऐकत राहिलो आणि झाकण परत लावून टाकलं.

ब्रायनी : मग आता काय करू? होती तशी जोडू?

नॉर्मन : नको, असू दे. पोरी आपापल्या घरी गेल्या. आता वर गातंय कोण.

एनिड : मी आहे की अजून. तू इथे बस, वर न्हाणीघराचं दार उघडं ठेवते.