भाऊजींची सुट्ट्यांची यादी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सगळ्या धर्मांचा अभ्यास करून बी.ए. झाले. नेरूळला शेजारी त्यांना सत्यनारायण सांगायला बोलवायचे, आणि भाऊजींना आरतीसुद्धा धड पाठ नव्हती! नोकरी काही लागेना.

शेवटी शिरवण्याच्या एका कारखान्यात मुलाखत आली. साहेब म्हणाले, "तुमच्या डिग्रीचा इथे काय उपयोग? बरं, सणांच्या सुट्ट्यांची यादी तरी करून दाखवा."

भाऊजींनी एकही धर्म न वगळता मन लावून तीन पानं भरली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग कारखाना चालवायचा कधी?"

दारात युनियनचे पुढारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, ह्यो मानूस आमाला पायजेच हाय!"

भाऊजींना नोकरी लागली, पण स्टोअरमध्ये. यादी मात्र साहेब स्वतःच करायला लागले.