आतल्या बाजूचं पाणी

पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी बघितलं हो भाऊ — गोलू खोकत उठला, त्याला खांद्यावर घेऊन खिडकीशी आले, तर काच नुसती गळू लागलेली! चौकटीत पाणी, पडदा ओलाचिंब. म्हणलं, दुहेरी काच आतून गेली, दोन्हीच्या मधात पाणी शिरलं, म्हणून उजाडताच तुम्हाला फोन. तुम्हीच बसवली होती ना — खाली ट्रकांचा रस्ता, लेकराची झोप मोडती म्हणून ह्यांनी मुद्दाम बसवून घेतली. अन् हे गेले लातूरला कामाला, येतात ते रविवारी.

बोट काय फिरवताय? हाव, दिसलं — पाणी बोटाला आलं. म्हणजे दोन काचांच्या मधात न्हाईच? आमच्याच बाजूनं? न्हाई हो, नीट बघा. मधात असू द्या ना, भाऊ.

तसं न्हाई... माझ्या सासूबाई — आत्याबाई म्हणते मी त्यांना — मुखेडहून येऊन गेल्या परवा. भिंतीला हात लावला अन् म्हणल्या, "ह्या ओलीत माझा नातू खोकून राहिला. तुला एक लेकरू सांभाळणं होईना. रविवारी घेऊन जाते त्याला." दीड वर्षाचा झाला, अंगावरचं दूध सुटलंय, नेतील बी. मी आपलं काचेवर ढकललं, म्हणलं काचच खराब हाय.

खोलीत काय करते म्हणजे? सगळ्या करतात तेच. इथंच परातीत कढत पाण्यानं न्हाऊ घालते — खोकला लागल्यापासून निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी बी देते, दार-खिडकी गच्च लावून, वारं लागलं तर? कापडं बी इथंच दोरीवर, बाहेर धूळ बसती. वाफ कुठं जाती म्हणता? जाती की — कुठं जाती? ...हां. थंडीनं काच गार, तिच्यावरच बसती. पातेल्याच्या झाकणावानी. अन् तोंड असं काय करताय? धुरीनंच खोकला वाढतो? माझ्याच?

सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायची, एवढंच? एवढंच म्हणता तुम्ही! नुसतं वाऱ्याचं भ्या असतं तर कवाच उघडली असती. खाली बायका शेंगा सोलत बसतात — उघडली की हसणं वर येतं. जिन्यात भेटल्या की "जेवलीस का?" म्हणतात, अन् मी हाव म्हणायच्या आधी खाली. बंद असली की वाटतं बाहेर कुणीच न्हाई — मंग एकटं वाटत न्हाई. लेकरू बी नेलं तर ह्या खोलीत मी बोलू कुणाशी? आता बघा की, काच बघायला आलेल्या माणसाला धरून बसले.

गोलू, सोड काकाची पिशवी! — भाऊ, एक करा. मी सांगितलं तर आत्याबाई ऐकायच्या न्हाईत. सातवी शिकलेली मी, माझं कोण ऐकतं. फोन लावते, तुम्ही सांगा. काच चांगली हाय म्हणावं, धुरी आजपासून बंद, कापडं गच्चीवर. ते हसण्याचं मात्र सांगू नका. घ्या, रिंग जातीय — खिडकी उघडी राहील म्हणावं, लेकरू इथंच राहू द्या म्हणावं.