तपासणीच्या रांगेत

हिंगोलीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर साखऱ्याचा एक शेतकरी आणि नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला निघालेली त्याची लेक बसली होती. हैदराबादची गाडी यायची होती.

"लोणचं हातातल्या बॅगेत चालत न्हाई, बाबा. मोठ्या बॅगेत घातलंय."

"अन् पाणी?"

"बाटली रिकामी न्यायची. तपासणी झाली की आत भरायची."

"तपासणीत काय करतेत?"

"ट्रे देतेत. त्यात मोबाइल, लॅपटॉप, पट्टा काढून ठेवायचा. बॅग मशीनमधून जाते, आपण दारातून."

"लॅपटॉप वरच ठेवला न?"

"व्हय, पटकन निघावा म्हणून."

"पट्टा आधी काढायचा, का लॅपटॉप?"

"बाबा, सकाळपासून हेच विचारून राहिले तुमी. माझं पाठ झालंय सगळं."

"तुझं झालं गं. माझं न्हाई झालं."

"तुमाला कुठं जायचंय?"

"उद्या तू तिथं रांगेत असशील अन् मी वावरात. आता पोरगी काय करून राहिली असंल, ते मला डोळ्यापुढं दिसायला पाहिजे न."



"मंग ऐका," लेक म्हणाली. "आधी मी खांद्यावरची बॅग खाली ठेवते..."