दोन मशीनचं काम

सुरभी : …आणि प्रोग्राम बांधायची जुनी मेकफाइलच ठेवली, तर विंडोजवर आधी लिनक्सचं सगळं सामान उभं करावं लागेल, सर. दोन्हीकडे चालणारं सीमेक घेतलं तर बिल्डचं सगळं नव्याने लिहायचं, पण एकदाच. रोह्याहून निघाल्यापासून बसमध्ये हाच विचार चाललाय.

हैबतराव सर : आणि तपासायचं कुणी?

सुरभी : तुम्ही. मी तिकडे रोह्याला माझ्या लिनक्सवर लिहिणार, तुम्ही इथं पेणला तुमच्या विंडोजवर बिल्ड करून प्रोग्राम चालतो का बघणार, एरर सांगणार. दीड वर्ष तसंच चाललंय ना?

हैबतराव सर : रविवारी आमचा साईराज गाडी घेऊन येतोय. सुरतेला नेतोय मला.

सुरभी : किती दिवस?

हैबतराव सर : आता तिकडेच. लेक म्हणतो ते बरोबर हाय, एकट्याने राहणं जमायचं नाय. डोळ्यांनी नीट दिसत नाय, तुला बोललो नाय. गेला महिनाभर स्क्रीनवरची एरर शेजारची नम्रता वाचते, मी तुला फोनवर सांगतो.

सुरभी : तरीच मध्येच थांबायचात.

हैबतराव सर : धरमतरच्या काळुरामला आपण शब्द दिलाय. भरतीची वेळ चुकली की त्याचा बार्ज गाळात बसतो. आपला भरतीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर चालायलाच हवा. म्हणून तुला एकटीला जमेल असा रस्ता शोधला. नम्रताने वाचून दाखवलं. क्रॉस कंपायलर. सीमेकच घे, पण तो लावून. तुझ्या लिनक्सवरच विंडोजची फाईल तयार होते. माझं मशीन लागतच नाय.

सुरभी : ठाऊक हाय मला.

हैबतराव सर : कधीपासून?

सुरभी : पहिल्या आठवड्यापासून.

हैबतराव सर : मग मला कशाला राबवलंस गो?

सुरभी : धाटावच्या कारखान्यात दिवसभर बोलायचं ते व्हॉल्व्ह नि प्रेशरबद्दल. सुटले की रूमवर यायचं, कुलूप काढायचं. मग तुमचा फोन यायचा. एरर सांगून झाली की विचारायचात, जेवलीस काय. ते टूल घेतलं असतं तर फोन कशाला आला असता?

हैबतराव सर : मला वाटायचं, मी कामाचा हाय.

सुरभी : होतात, सर. तुम्ही नसतात तर मी हे केव्हाच सोडलं असतं.



हैबतराव सर : क्रॉस कंपायलर घे.

सुरभी : घेते.

हैबतराव सर : पुढच्या उधाणाच्या आत काळुरामला दे.

सुरभी : देते, सर.

हैबतराव सर : मशीन अजून खोक्यात भरलेलं नाय. आजचं लिहिलेलं पेनड्राइव्हवर आणलंयस ना? लाव.

सुरभी : त्यात चुका हायत, सर. बिल्ड व्हायचं नाय.

हैबतराव सर : नको होऊ दे. लाव तू.