करड्या बुरशीची जबानी

— सांगते, सगळं क्रमाने सांगते, फक्त मध्ये प्रश्न घालू नका, सुशीलराव. सन दोन हजार तेरा, मार्च महिना, ताइफची थंडी ओसरून वसंत नुकताच लागलेला — तेव्हा पहिली कळी काळी पडली. झाडं एकंदर नऊ. तुमच्याच अल खर्जच्या नर्सरीमार्फत आमच्या मालकांनी, अबू तल्हांनी, परदेशातून आणवली, म्हणून तर तपासायला तुम्हाला पाठवलं. पिओनी म्हणे. फूल गुलाबासारखं, पण जेवणाच्या ताटाएवढं — चित्रात. प्रत्यक्षात कोणी पाहिलं? — हां, थांबा! ती कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावू नका. आधी स्पिरिटमध्ये बुडवा. शेतकी पदवीधर ना तुम्ही? पुण्यात हे शिकवत नाहीत? रोगट फांदीला लागलेलं पातं निरोगी फांदीला लावायचं म्हणजे रोगाला आपल्या हाताने पुढच्या घरी पोचवणं.

माझं मराठी ऐकून दचकलात वाटतं. श्रीवर्धनची आहे मी, जुनी मॅट्रिक. मराठीत शाळेत पहिली आले होते. इंग्रजीही वाचते — झाडांबरोबर आलेली पुस्तिका मीच वाचून वहाबला समजावली. वहाब म्हणजे माझा मुलगा, इथला माळी. म्हणजे काम माळ्याचं, इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, मात्र ड्रायव्हर. आजवर कोणी विचारलं नाही. आता सौदी सरकारने तीन महिन्यांची मुदत दिली आहे — जो धंदा इकाम्यावर, तोच हातात हवा, नाहीतर पकडून परत पाठवणार. आमच्या शेजारचा दर्जी भाजी आणायला गेला तो गेलाच. त्याची इस्त्री दोन दिवस तशीच तापत — ऐका! गाडी थांबली का फाटकाशी? — नाही. पाण्याचा टँकर आहे. माफ करा, हल्ली कुठलंही इंजिन बंद झालं की वाटतं, पोलीस आले.

तर अबू तल्हा म्हणाले, इकाम्यावर माळी असा बदल करून घ्यायला मी सही देईन, पण माझी झाडं माळ्यानेच मारली नाहीत ना, हे आधी कळू दे. म्हणजे तुमच्या या एका कागदावर माझ्या मुलाची अठरा वर्षं, सून, नात सहरची शाळा — सगळं. वहाब अबू तल्हांनाच आणायला गेला आहे. असरच्या, दुपारच्या नमाजापर्यंत येतील. म्हणून म्हणते, नीट पाहा.

रोग ओळखलात? पानांवर जांभळट-तपकिरी ठिपके असते तर तो निराळा आजार, त्याने झाड मरत नाही, पानं तोडली की भागतं. मूळ कुजलं असतं तर बुंध्याशी साल सुटून आत पांढरा पापुद्रा दिसला असता. तसं काही नाही. इथे कळी आधी तपकिरी होते, मग मान टाकते, देठ खालून काळा पडतो, आणि दमट हवेत त्यावर उंदराच्या अंगावर असते तशी करडी लव येते. मी चष्मा लावून रोज पाहिली आहे ती. दहा मार्चला फाटकाजवळच्या झाडावर, बाराला त्याच्या शेजारी, पंधराला — काय? वहाब तेव्हा कुठे होता? इथेच — नाही, इथे नव्हता. जिद्द्याला होता. अबू तल्हांच्या बेगमसाहेबांना घेऊन, बारा दिवस. ड्रायव्हर ना तो, कागदावर! जाताना सांगून गेला होता, अम्मी, पहाटे मुळाशी दोन तांबे पाणी, बाकी कशाला हात लावू नकोस. मी तेवढंच — सकाळी तेवढंच केलं.

संध्याकाळी? संध्याकाळी मी काही — तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे. रोपटी इतकी केविलवाणी दिसत होती! आमच्याकडे परसातल्या गुलाबाला, मोगऱ्याला मासळी धुतलेलं पाणी घालतात. मी सासरी आले तेव्हापासून घालते आहे, आणि माझ्या मोगऱ्यासारखा मोगरा आमच्या मोहल्ल्यात कोणाचा नव्हता. इथे हमूर मासा आणतो आम्ही. त्याचंच धुवण. मुळाशी घातलं असतं तरी चाललं असतं कदाचित — पण मी वरून घातलं, कळ्यांवरून, सूर्य कलल्यावर, आणि रात्री गारठा लागू नये म्हणून वर माझ्या जुन्या ओढण्या बांधल्या. रोज. बारा दिवस. आत ओल आणि अंधार — त्या बुरशीला आणखी काय हवं होतं? पुस्तिका मी आधीच वाचली होती, सुशीलराव. पानं भिजवू नयेत, हे तिसऱ्या पानावर स्पष्ट छापलेलं आहे. मला वाटलं, छापणाऱ्याला मोगऱ्याचं काय ठाऊक! मग कळ्या गळायला लागल्या तेव्हा घाबरून खुडल्या आणि झाडांच्या बुडाशीच पुरल्या. जाळायला हव्या होत्या. पण धूर दिसला असता. वहाबला मी आजतागायत सांगितलेलं नाही. तो आल्या दिवसापासून काळ्या फांद्या पांढऱ्या लाकडापर्यंत छाटतोय, वरची माती खरवडून पिशवीत बांधतोय, आणि नमाजात रडतोय की माझं काय चुकलं.

काय लिहिलंत? वाचा. 'प्रतिकूल हवामान.' — देव तुमचं भलं करो, पण खोडा ते. अबू तल्हा विचारतील, हवामान ओळखायचं काम माळ्याचं नव्हतं का? मग? नाही, लिहा: माळी गैरहजर असताना घरातील व्यक्तीने कळ्या भिजवल्या आणि झाकल्या. माळ्याने परतल्यावर योग्य उपचार केले. मुळं जिवंत, सात झाडं वाचतील. व्यक्तीचं नाव लिहा, नुसतं 'घरातील' नको — हाजरा कासिम मुकादम, व्हिजिट व्हिसा. मला परत पाठवतील, ठाऊक आहे. पाठवू देत. वहाब माझं तोंड पाहील की नाही, ते मात्र — द्या इकडे कागद, सही मीच करते. अक्षर वाचता येईल असंच आहे. तारीख घाला: तीस एप्रिल, मंगळवार. झालं, ठरलं एकदाचं. आता उठा, तुमची कात्री घ्या आणि मागच्या दाराने निघा; कागद मीच देते त्यांच्या हातात. फाटक मी उघडते — अबू तल्हा आणि वहाब आले.