आंधळ्या राजाची नजर

मंडळी, आज एकच प्रश्न. आपण ज्याच्यावर जीव टाकतो, तो त्यानं आपल्याकडं बघावं म्हणून, की आपल्याला त्याच्याकडं बघायचं असतं म्हणून? घाई करू नका. आधी गोष्ट ऐका.

आष्ट्यात रंगनाथ उबाळे नावाचा माणूस. पिठाची गिरणी. दिवसभर गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज काढून बोलायचं, त्यामुळं घरात मीठ मागितलं तरी तीन घरं पलीकडून वाटी यायची! बायको कमल. तिला टीव्हीवरच्या विक्रांत सबनीसचं वेड. मालिकेत तो फौजदार. साडेसात वाजले की गॅस बंद — "अहो, साहेब आलेत, जेवण नंतर." रंगनाथ आधी वैतागला, मग शेजारी बसायला लागला, आणि वर्षभरात काय झालं? सबनीस चाहता मंडळाचा अध्यक्ष झाला. संगत, मंडळी!

पुढं साखरेच्या आजारानं कमलचे डोळे गेले. मालिका सुटली नाही. ती ऐकायची, हा सांगायचा — आता साहेब जीपमधून उतरले, आता टोपी काढली. दीड वर्ष असं चाललं. मग ती गेली. तिच्या मागं रंगनाथकडं राहिलं एवढं मंडळ. आणि तेच मोडायची वेळ आली.

झालं असं, की सबनीसनं एक जुनं संगीत नाटक करायला घेतलं. त्यात तो आंधळा राजा. प्रयोग आष्ट्याला लागला. मंडळ पहिल्या तीन रांगांत. राजा काठी टेकत आला, आणि शंभर शिट्ट्या. कागदाचे तुकडे उधळले. कुणी ओरडलं, "साहेब, इकडं बघा." सिनेमाच्या पडद्यापुढं तीच रीत, मग नाटकाची वेगळी असते हे सांगणार कोण? पाच मिनिटं गोंधळ. राजा हसला नाही, हात केला नाही, मान वळवली नाही. सगळं थांबलं तेव्हा पेटी वाजली आणि तो गायला लागला.

मंडळ तोंड फुगवून घरी गेलं.

महिन्याभरानं बातमी आली — त्याच राजासाठी सबनीसला मोठा पुरस्कार. रंगनाथनं गिरणी बंद ठेवली, पेढे आणले, सगळ्यांना बोलावलं. आले सगळे. पण पेढ्याला कुणी हात लावेना.

"कशाचे पेढे, मामा?" मंडळाचा चिटणीस दिनकर लोहार म्हणाला. "दहा वर्षं त्याच्या वाढदिवसाला रक्तदान केलं आपण. आणि त्यानं ढुंकून बघितलं नाही. आम्ही ठरवलंय, मंडळ बंद."

"राजा आंधळा होता, दिनकर."

"नाटकात."

"नाटकातच. मग त्यानं तुला हात केला असता, तर राजाचे डोळे आले म्हणून आपण गावजेवण घालायचं होतं काय?"

दोघंतिघं हसले. दिनकर नाही. "एवढं मान वळवून बघायला काय जात होतं त्याचं?"

रंगनाथनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग बोलला, तेही त्या गिरणीच्या आवाजात नाही. "तुझी मामी दीड वर्ष माझ्यासमोर बसायची. मी बोललो की तोंड माझ्याकडं करायची. नजर मात्र माझ्या कानाजवळून मागच्या भिंतीवर जायची. ती नजर मी रोज बघितली रं. त्या दिवशी स्टेजवर तीच होती. शंभर माणसं बोंबलत होती, आणि ह्या माणसानं ती ढळू दिली नाही. आपला माणूस आहे तो. ह्याचा अभिमान नाही वाटायचा, तर कशाचा वाटायचा?"

 मग दिनकरनं पेढा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "मामा, पेढ्याला पीठ लागलंय."

मंडळ वाचलं!

मग काय, हलगी लावून मिरवणूक निघाली. दरवर्षी वाढदिवसाच्या फलकावर फौजदाराचा फोटो असायचा. ह्या वेळी पांढऱ्या दाढीचा राजा. बायका दारात येऊन विचारायच्या, "हा म्हातारा कोण?" आणि दिनकर छाती काढून सांगायचा, "आमचे साहेब."

पुढचा प्रयोग सांगलीला. मंडळानं साहेबांना आधी कळवलं, चाळीस जण येतोय. नाट्यगृहाच्या दारात रंगनाथनं पिशवी धरली — शिट्ट्या टाका हिच्यात. एक जण म्हणाला, "मी बोटं घालून वाजवतो, मी काय टाकू?" रंगनाथ म्हणाला, "तू तोंडात सुपारी धर."

राजा आला. चाळीस माणसं गप्प. त्यांनी पहिल्यांदा ते गाणं ऐकलं, पहिल्यांदा ती चाल बघितली. पडदा पडला, परत उघडला. सबनीसनं काठी बाजूला ठेवली आणि रांगांतून नजर फिरवली. "आष्ट्याची मंडळी येणार होती. आली नाहीत?"

रंगनाथ उठला. "आलोय, साहेब. आज बघायला आलोय."

सबनीसनं हात जोडले, आणि बराच वेळ जोडूनच ठेवले.

आता आपलं बघू. आपण देवळात जातो. घंटा बडवतो, मोबाईल वर करून स्वतःचाच फोटो काढतो, देणगीच्या पाटीवर नाव घालतो — देवा, मी आलोय, इकडं बघ. उद्या जाल तेव्हा पाच मिनिटं गप्प उभे राहा आणि त्याच्याकडं बघा. मूर्ती कशी उभी आहे, पाय कसे आहेत, तेवढंच. आणि आज घरी गेल्यावर जे माणूस रोज तुमच्यासमोर बसून जेवतं, त्याच्याकडंही नीट बघा. ते बघतंय की नाही, हे नका मोजू. समोर आहे तोवर बघून घ्या.